समईच्या डागावर उभं राहून

पुष्कळ पुष्कळ वर्षांपूर्वी, बैलांचे तांडे मुक्कामाला थांबत अशा एका नगरात एक नावाजलेली खाणावळ होती. तिथे पंगत चटईवर नाही, भल्यामोठ्या गालिच्यावर बसे. आता गालिच्यावर पंगत म्हटल्यावर काय होणार? वरण सांडे, तूप गळे, आणि मुलं खुशाल हात पुसत.

म्हणून मालकीणबाई दरवर्षी गालिचा धुण्याचं काम बोलीवर देत. रीत अशी होती, की काम हवं असेल त्याने जोडे काढून गालिच्यावर उभं राहायचं आणि मोठ्याने बोली सांगायची. जोडे का काढायचे, हे मात्र सगळे विसरले होते.

त्या वर्षी दोघंच आली. एक बोलघेवडा परीट आणि एक नदीकाठची परटीण. नवऱ्याचा हात मोडल्यापासून परटिणीकडे काम उरलं नव्हतं. हेही हुकलं, तर बिऱ्हाड गाढवावर लादून तिला भावाच्या दारी जावं लागणार होतं.

परटाने उंबरठ्यातूनच एक पाऊल गालिच्याच्या कडेला टेकवलं. "एकूण एक डाग काढतो! पंगत एक दिवससुद्धा अडणार नाही. आणि दाम सगळ्यांत कमी!"

परटीण अनवाणी सगळा गालिचा फिरली. स्वयंपाकघराच्या दाराशी तिचे तळवे चिकटले.

"बाई, इथे तूप मुरलंय, ते निघेल. हळदीचे डागही जातील, पण धुण्याच्या खाराने नाही, उन्हाने. तोवर पंगत चटईवर बसवा. हा कोपऱ्यातला समईच्या तेलाचा डाग मात्र माझ्याने जायचा नाही." तिने सांगितलेला दाम परटाच्या दुप्पट होता.

मालकीणबाईंना तिची दया आली. "अगं, दाम जरा उतरव आणि तोही डाग जाईल म्हण. काम तुलाच देते."

एका शब्दाचा तर प्रश्न होता! पण ती म्हणाली, "म्हणायला म्हणेन, बाई. पण डाग तसाच राहिला, तर तुमच्यासमोर उभी कशी राहू?"

मला तर त्या बाईचं भारी कौतुक वाटतं. घरची चूल थंड असताना असं बोलायला मोठी छाती लागते.

काम परटाला मिळालं. घाईघाईत त्याने खार उकळला आणि गालिचा खसाखसा घासला. हळदीला खार लागला की ती लाल होते, हे त्याच्या ध्यानातच राहिलं नाही. संध्याकाळी पंगत बसली आणि एकच ओरडा झाला. "अहो, हे रक्त कुणाचं?" पाहुणे भरल्या पानावरून उठले, ते थेट समोरच्या खाणावळीत गेले.

मालकीणबाई धावत नदीकाठी पोचल्या. परटीण गाढवावर बोचकी बांधत होती.

"हवा तेवढा दाम घे, पण चल गं!"

"मी बोली एकदाच बोलते, बाई. दाम तोच."

तिने लिंबाच्या पाण्याने लाली उतरवली, तूप काढलं आणि गालिचा उन्हाच्या हवाली केला. हळद उडून गेली, मूळचे रंग वर आले. समईचा डाग तेवढा राहिला, तिने सांगितला होता तसाच.

त्या वर्षापासून मालकीणबाई बोली सांगायला येणाऱ्या प्रत्येकाला त्याच डागावर अनवाणी उभं करत. तिथे उभं राहून मोठमोठे बोलघेवडेही दोन शब्द कमीच बोलत.

तात्पर्य : जो 'हे होणार नाही' असं आधीच सांगतो, त्याच्याच 'होईल'वर विश्वास ठेवावा.