कढईपाशी म्हणायचं गाणं

फार फार पूर्वी, आपल्या आजीच्या आजीनेही ज्याच्या फक्त गोष्टीच ऐकल्या अशा काळी, पूर्वेच्या समुद्रातल्या एका बेटावर एक मोठी नदी वाहत होती. तिच्या काठी एक गाव होतं. काठाला तिथल्या बोलीत पंपांग म्हणत, आणि तिथले लोक स्वतःला काठावरची माणसं म्हणवत.

ही माणसं खाण्याची भारी शौकीन. रस्त्यात कुणी भेटलं तर आपण विचारतो, "काय, बरं आहे ना?" ते म्हणत, "मंगान ता ना!" म्हणजे, "चला, जेवू या!" आणि हे नुसतं म्हणण्यापुरतं नसे. पाहुण्याचा हात धरून त्याला खरोखर पानावर बसवत. भात आणि मासे मीठ घालून ते मडक्यात आंबवत. त्याचा वास वेशीपर्यंत गेला की परगावचे लोक नाक मुरडत. गावकरी म्हणत, "मुरडू देत. एक घास खाल्ला की मडकंच मागतील." आणि तसंच होई.

पण सगळ्यात मान होता लग्नातल्या गोडाचा. म्हशीचं दूध, तांदळाचं पीठ, गूळ आणि लिंबाची किसलेली साल हे सगळं कढईत घाटायचं, केळीच्या पानावर ओतायचं, निवलं की खरवसासारख्या वड्या पाडायच्या. हे मिश्रण घट्ट होत आलं की एकेक बुडबुडा सावकाश वर येऊन फुटतो, काळीज धडधडावं तसा. म्हणून गावाने त्या पदार्थाचं नावही काळजाच्या ठोक्यावरून ठेवलं होतं. ठोके दिसले की कढई उतरवायची. मात्र ठोके पडेपर्यंत हात नीट चालला नाही तर बुडाला लागायचं, आणि भिऊन लवकर उतरवली तर सगळं पातळ राहायचं.

लग्नाच्या दिवशी नवरीच्या घरून हे गोड होडीतून नवऱ्याच्या घरी जाई. तिथली सर्वांत वडील बाई त्यावर सुरी फिरवी. वडी सुटली तर लग्न लागायचं. सुरीमागे ओघळ आला तर ती म्हणायची, "या घराची चूल अजून तयार नाही. पुढच्या सुगीला या." रीत म्हणजे रीत, तिच्यापुढे कुणाचं चालत नसे.

घाटताना बायका एक गाणं म्हणत. त्यात गावाची सगळी हकिगत होती. पहिल्या होड्या काठाला कशा लागल्या, हे अगदी संथ चालीत. मग पूर आला, घरं गेली, लोक चुली उचलून उंचावर पळाले. इथे चाल पळायला लागे. मग डोंगराने राख ओकली, भर दुपारी अंधार झाला, आणि गाणं पुन्हा जड, सावकाश होई. शेवटी लोकांनी राखेवरच नवी घरं बांधली. हे गाणं कढईपाशी का म्हणतात, असं कुणी विचारलं तर बायका हसून म्हणत, "आमच्या आया म्हणायच्या म्हणून."

आता या गावचा एक मुखिया होता. माणूस वाईट नव्हता, पण लोक काय म्हणतील याची त्याला फार काळजी. एकदा तो राजधानीत राजाच्या दरबारात गेला. काठावरच्या लोकांच्या बोलीत ह हा उच्चारच नव्हता. मुखियाने दरबारी भाषेत चार वाक्यं बोलायचा प्रयत्न केला, आणि प्रत्येक ह गिळून टाकला. दरबारी लोक फिदीफिदी हसले. बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं.

गावी परतला तो रागातच. पण राग काढला कुणावर? हसणाऱ्यांवर नाही, स्वतःच्या बोलीवर! त्याने हुकूम सोडला, "आजपासून गावात फक्त दरबारी भाषा. जुनी बोली ज्याच्या तोंडून ऐकू येईल, त्याने दिवसभर नदीतला गाळ उपसायचा."

लोकांची जीभ कुठली एवढी लवकर वळायला? कितीतरी जणांनी गाळ उपसला. नदी इतकी स्वच्छ झाली की मासेसुद्धा चक्रावले असतील. हळूहळू "चला, जेवू या" बंद झालं. त्याऐवजी लोक लांबलचक दरबारी नमस्कार करू लागले, आणि तो संपेपर्यंत जेवायला बोलवायचं राहूनच जाई.

मुखियाने राजधानीच्या एका भाटाकडून कढईचं गाणंही बदलून घेतलं. भाटाने ते दरबारी भाषेत केलं आणि पूर, राख, पळापळ सगळं काढून टाकलं. "शुभकार्यात रडगाणं कशाला?" असं तो म्हणाला. उरली नुसती गावाची थोरवी, ठेका धरून म्हणायची. मुखियाला ते फार आवडलं.

मग त्याच्याच मुलीचं लग्न ठरलं. हुकुमानंतरचं गावातलं हे पहिलंच लग्न. नवरा नदीपलीकडचा, व्यापारी जहाजावर काम करणारा. जहाज दुसऱ्या दिवशी वाऱ्याबरोबर निघणार होतं आणि कैक वर्षांनी परतणार होतं. आज लग्न लागलं तर नवरीही त्याच्याबरोबर जाणार होती, नाही तर त्याची वाट बघत बसायचं. मुलीचा त्याच्यावर जीव होता.

सकाळी कढई चढली. मुखियाची बायको लाकडी चाटू घेऊन बसली, भोवती शेजारणी. नवं गाणं सुरू झालं. थोड्याच वेळात करपल्याचा वास सुटला.

"लाकडं ओली असतील," मुखिया म्हणाला.

दुसरी कढई चढली. या वेळी बायको करपण्याला घाबरली आणि तिने ती लवकर उतरवली. पानावर ओतल्यावर सगळं पसरत गेलं, थांबेचना.

"दूधच पातळ दिसतंय. म्हशींना काय घालता तुम्ही?" मुखिया ओरडला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण चेहऱ्यावर मुखियापण टिकवायचं होतं. आता एका कढईपुरतंच दूध उरलं होतं. भरती ओसरायच्या आत होडी सुटायला हवी होती.

मुलगी दारात उभी होती. ती म्हणाली, "तातांग, आता नाही जमलं तर?" तातांग म्हणजे बाबा. घाबरल्यामुळे हा जुन्या बोलीतला शब्द तिच्या तोंडून निसटला. तिने पटकन तोंडावर हात धरला. लग्नाच्या दिवशी आपली लेक आपल्यालाच भिते, हे मुखियाने पाहिलं.

तो चुलीपाशी येऊन बसला. बायकोने तिसरी कढई चढवली आणि नवं गाणं धरलं. या वेळी त्याने पहिल्यांदाच तिच्या हाताकडे नीट पाहिलं. गाणं दुडुदुडु पळत होतं. हात त्याच्यामागे धावायचा, अडखळायचा, मधेच थांबायचा.

"हात असा का चालतोय तुझा?"

"मला काय माहीत! आईच्या घरी कधी अडखळला नाही," ती रडवेली होऊन म्हणाली.

मुखियाला स्वतःची आई आठवली. तो लहान असताना ती अशीच कढईपाशी बसे. संथ ओळींना तिचा हात संथ चाले. गाण्यात पूर आला की हात भराभर फिरे आणि कपाळावर घाम येई. राख पडायला लागली की हात पुन्हा जड होई, आणि कढईत ठोके दिसू लागत. दूध तापेपर्यंत सावकाश, पीठ धरू लागलं की जोरात, घट्ट होताना पुन्हा सावकाश. आयांनी गाण्यातच हात शिकवून ठेवला होता, आणि आपण त्यातला पूर आणि राख काढून टाकली!

"थांबा. जुनं गाणं म्हणा," तो म्हणाला.

शेजारणींनी एकमेकींकडे पाहिलं. बायकोने चाटू न थांबवता त्याच्याकडे पाहिलं. "अहो, हुकूम तुमचा आहे. आधी तुम्हीच म्हणा."

खिडकीबाहेर गाव गोळा झालं होतं. मुखियाचे कान लाल झाले. मग त्याने डोळे मिटले आणि म्हणायला लागला. आवाज फाटका, सूर भलतीकडेच. पण पहिल्या होड्या काठाला लागल्या आणि बायकोचा हात संथ झाला. पूर आला आणि हात धावू लागला. राखेच्या ओळीशी येऊन मुखिया अडला. पुढचं काही केल्या आठवेना. कढईत मिश्रण गुरगुरत होतं. तेवढ्यात दारातून मुलीने पुढची ओळ म्हटली. मग शेजारणींनी धरली, मग खिडकीबाहेरच्या लोकांनी. सगळं गाव आपल्या बोलीत आपलीच हकिगत गाऊ लागलं.

आणि कढईत एक बुडबुडा सावकाश वर आला, फुटला. मग दुसरा.

"उतरवा!" बायको ओरडली, आणि मुखियाचा जीव भांड्यात पडला.

गोडाचं ताट घेऊन होडी भरती असतानाच पलीकडे पोचली. नवऱ्याच्या म्हाताऱ्या आजीने सुरी फिरवली. वडी स्वच्छ कापली गेली, कडा सरळ, ओघळाचं नाव नाही. आजीने एक तुकडा तोंडात टाकला आणि डोळे पुसले. "पूर आणि राख दोन्ही आहेत यात. लावा लग्न," ती म्हणाली. मुलगी इतकी हसली की तिच्या डोक्यातली फुलं खाली पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाने पाहिलं, तर मुखिया कमरेइतक्या पाण्यात उभा राहून टोपलीने गाळ उपसत होता.

"हे काय?" लोकांनी विचारलं.

"जुनी बोली बोलणाऱ्याने गाळ उपसायचा, असा हुकूम होता. काल सगळ्या गावादेखत मीच बोललो," मुखिया म्हणाला. "ही टोपली शेवटची. हुकूम आजपासून रद्द."

तेवढ्यात नवरा-नवरीला जहाजाकडे नेणारी होडी समोरून निघाली. मुलीने वाकून चिखलाने माखलेल्या बापाकडे पाहिलं आणि गाव ऐकेल अशा आवाजात हाक दिली, "तातांग! मंगान ता ना! या, होडीत डबा आहे!"

मुखियानेही ह नसलेल्या आपल्या बोलीत तेवढ्याच मोठ्याने उत्तर दिलं, "आलो!" आणि चिखलासकट तो होडीत चढला. काठावर हशा पिकला. या वेळी त्या हसण्याचं त्याला काहीच वाटलं नाही. तोंडात वडी होती, शेजारी लेक होती.

म्हणून मुलांनो, आणि मोठ्यांनोही, एवढं ध्यानात ठेवा: ज्या बोलीत आपल्या माणसांनी आपलं सुखदुःख सांगितलं तिची लाज धरू नये, कारण ती सोडली की त्यांनी शिकवलेलं कामही हातातून सुटतं.