मनगटापर्यंतचं नातं

“मग इतकी वर्षं मी त्याच्या घरात कोण म्हणून राहिले, माई?”

खिडकीच्या आत माईनं आधी चालू प्रार्थना पुरी केली.

रिकार्दाला थांबायची सवय नव्हती. तिची तीन लग्नं झाली होती, तीन गढ्यांच्या किल्ल्या तिच्या कमरेला लटकून गेल्या होत्या. ती हाक मारायच्या आधीच माणसं धावत येत. आणि आज हीच बाई चर्चच्या मागल्या भिंतीशी चिखलात उभी राहून वीतभर खिडकीत तोंड घालून बोलत होती.

जर्मन मुलखातली ही गोष्ट, आठ-नऊशे वर्षांपूर्वीची. तिकडे काही बायका देवासाठी चर्चच्या भिंतीला लागून खोली बांधून घ्यायच्या, आत जायच्या आणि मागं दार चिणून घ्यायच्या. मग जगाशी संबंध तो एका खिडकीपुरता. ओडामाई तशी आत गेली तेव्हा रिकार्दा पाळण्यात होती. माई कधी बाहेर आली नाही, पण गावोगावची दुःखं तिच्या खिडकीशी येऊन उभी राहायची.

“नवरा म्हणतो काय?” माईनं विचारलं.

“म्हणतो, तू माझी बहीण लागतेस.”

“बरं...”

“बहिणीशी लग्न लागत नाही. म्हणजे आमचं लग्न झालंच नाही. म्हणजे मी निघायचं.” रिकार्दा कडवट हसली. “परकी होते तोवर घरात होते, माई. जवळची निघाले, तर आता चालती हो म्हणतात.”

आपल्याकडे सगोत्र बघतात, तसं तिकडे सात पिढ्यांचं रक्त बघायचे. बघायचे म्हणजे काय, ज्याला जेव्हा सोयीचं तेव्हा बघायचे. लग्नाच्या मांडवात कुणाला काही आठवायचं नाही. बायको नकोशी झाली की बरोबर पणजी आठवायची.

“कोण आहे ती?” माईनं विचारलं.

“मिठाच्या खाणी आहेत तिच्या बापाच्या. एकुलती एक पोर, अजून अंगानं भरलीसुद्धा नाही. तिला बघून आला आणि त्याला पणजी आठवली.”

आत माई हसली असावी. खोकलीही असेल.

“मग माझ्याकडं कशाला आलीस?”

रिकार्दानं मागं वळून पाहिलं. घोडे धरून उभे असलेले नोकर लांब होते. ती खिडकीत आणखी वाकली.

“आमच्या लग्नाचा निवाडा करणारा बिशप उद्या इथं येणार. तुमच्याकडून शपथेवर ऐकायला. माझ्या पणजीच्या घरात तुम्ही लहानपणी राहिलात. ते घर पाहिलेलं आता दुसरं कुणी जिवंत नाही. माझी पणजी आणि त्याची पणजी सख्ख्या बहिणी होत्या, असं त्याचे लोक म्हणतात. तुम्ही फक्त एवढं म्हणा... की सख्ख्या नव्हत्या. एक पाळलेली होती. कुणाचीतरी अनाथ पोर.”

“होती का पाळलेली?”

रिकार्दानं झग्यावरचा चिखल झटकला.

“गढीसाठी चाललंय हे?”

“गढी जाऊ दे खड्ड्यात.” हे बोलताना रिकार्दाचा आवाज फाटला, आणि त्याचा तिला स्वतःलाच राग आला. “इटा त्याच्याकडं राहील, माई. माझी लेक. लेकरू बापाच्या घरचं, असा कायदा आहे. केसांना दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही ती. आज सकाळी मी निघाले तर वेणी न घालताच बसली, तुम्ही आल्यावर घाला म्हणाली. मी तिच्याशिवाय... मला नाही जमायचं.”

पहिल्यांदाच ती तीन गढ्यांची मालकीण न वाटता नुसती आई वाटली. माईलाही तसंच वाटलं असावं, कारण तिचा आवाज खाली आला.

“नाती मोजता येतात ना तुला?”

“मला?” आसवं पुसता पुसताही रिकार्दाची मान ताठ झाली. “आमच्या सगळ्या घराण्यांची नाती मला तोंडपाठ आहेत. भाट माझ्याकडं विचारायला येतात.”

“मग मोजून दाखव.”

त्या मुलखात नाती अंगावर मोजत. मूळ आईबाप म्हणजे डोकं. त्यांची लेकरं, सख्खी भावंडं, ती मान. त्यांची मुलं खांदा, नातवंडं कोपर, पतवंडं मनगट. मग बोटांची पेरं एकेक करत शेवटी नख. नखाशी रक्त संपलं. नखाच्या पलीकडं सगळे परके, तिथं खुशाल सोयरीक करावी.

रिकार्दानं बाही वर सारली. तिचं बोट सराईतपणे चाललं.

“पणज्या... मान. त्यांच्या मुली, खांदा. त्यांची मुलं... कोपर.”

बोट खाली सरकलं आणि थांबलं.

“तू कुठं आलीस?” माईनं विचारलं.

“मनगटाशी.”

“आणि तो?”

“तोही.”

“लग्नाच्या वेळी ठाऊक होतं तुला?”

चर्चच्या छपरावर कबुतरं घुमत होती. नोकरांपैकी कुणीतरी घोड्याला शिवी घातली. रिकार्दानं बाही खाली ओढली.

“होतं.”

“मग तेव्हा मोजलं नाहीस?”

“नदीकाठचा गड होता, माई. दोन नवरे गेलेली बाई मी. असं स्थळ पुन्हा कुठलं यायला? गप्प बसले. तोही गप्प बसला. त्यालाही माहीत होतंच की.”

“हं...”

म्हाताऱ्या माणसाला डुलकी लागली की काय, असं रिकार्दाला वाटलं. मग आतून आवाज आला.

“तुझ्या थोरल्याची बायको. हार्टविगची. तिचं नाव लिओबा ना?”

पहिल्या नवऱ्यापासूनचा रिकार्दाचा मुलगा हार्टविग. त्याच्या पहिल्या बायकोचं नाव आता त्या घरात कुणी काढत नसे.

“ती कशाला मध्येच?”

“तीही बहीण निघाली होती म्हणे नवऱ्याची.”

“हो. निघाली होती.”

“कुठं मोजलीस तिला?”

“कोपराशी.”

“खरी कुठं होती?”

ज्या बाईकडून उद्या शपथ घ्यायची, तिच्याशी आज खोटं बोलून भागणार नव्हतं. तेवढा व्यवहार तिला कळत होता.

“तिच्या बापाची गढी शत्रूनं जाळली. माहेर बुडालं. ना माणसं, ना जमीन. हार्टविगला सरदाराची मुलगी सांगून आली होती. आई म्हणून माझं काही कर्तव्य होतं की नाही? दोन म्हातारे उभे केले. त्यांनी शपथा घेतल्या.”

“मी विचारलं, ती खरी कुठं होती?”

“नखाच्या पलीकडं. आमची कुणी लागत नव्हती. अगदी परकी.”

खिडकीतून हात बाहेर आला. सालपटासारखी कातडी, निळ्या शिरा. त्या हातानं रिकार्दाचा पंजा धरला, चाचपडत करंगळीवर आला आणि नखावर अंगठा ठेवून कच्चकन दाबला.

“आई गं!”

रिकार्दानं हात ओढून घेतला. डोळ्यांत पाणी तरळलं होतं.

“काय झालं?” माईनं विचारलं.

“दुखलं!”

“कुणाला?”

रिकार्दा करंगळी तोंडात घालून उभी राहिली, लहान पोरीसारखी. कोर्टात, दरबारात, तीन सासवांच्या पुढ्यात न अडखळलेली बाई ती.

“उद्या बिशपला मी खरं तेच सांगेन,” माई म्हणाली. “मनगट ते मनगट.”

आता रागवावं, धमकी द्यावी, चर्चला दिलेल्या जमिनीची आठवण करून द्यावी, असं सगळं रिकार्दाच्या मनात येऊन गेलं. पण ती भिंतीला टेकून खाली बसली. भरजरी झगा चिखलात पसरला. नोकर धावत यायला निघाले, तिनं हातानंच त्यांना थांबवलं.

“इटाचं काय, माई?”

“तिला भेटायला जाशील. दार उघडेपर्यंत उभी राहशील.”

“आणि नाही उघडलं तर?”

“दुसऱ्या दिवशी जाशील.”

रिकार्दा रडली. आवाज न करता, खांदे हलवत. आत माईनं तिला रडू दिलं. उगी म्हणाली नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. नोकरांच्या पायाखालची सावली लांब झाली होती.

“मला जागाच नाही हो कुठं,” रिकार्दा शेवटी म्हणाली. ती खिडकीशी नाही, स्वतःशीच बोलत होती. “माहेरी भावाचं राज्य होतं तोवर ठीक, आता वहिनीचं आहे, ती उंबऱ्यातूनच परत पाठवील. दुसऱ्या नवऱ्याच्या लोकांनी त्याला पुरल्याबरोबर माझ्या पेट्या अंगणात आणून ठेवल्या होत्या. हार्टविगकडं जावं तर ती सरदाराची लेक... मीच आणलेली. सासू नको म्हणते, तोंडावर म्हणते. इतकी नाती जोडली मी. मुलुखभर सोयरे आहेत माझे. आणि आज पाठ टेकायला एक भिंत नाही, ही तुमची सोडून.”

ती उठून उभी राहिली. खिडकीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.

“तुम्ही सांगा, माई. घरातून अशी काढलेली बाई... ती जाते तरी कुठं?”

आत अंधार होता. माईचा चेहरा दिसत नव्हता. श्वास तेवढा ऐकू येत होता, सावकाश, म्हातारा...

“लिओबा कुठं गेली?” माईनं विचारलं.