पर्मँगनेटचा पहिला थेंब

“वर्षभर घसा फोडून एकच पोरगी प्रश्न विचारायला लागली, तर त्या शिकवण्याला काय म्हणायचं, सर?”

हेमराज बोपचेनं हे उभ्या उभ्याच विचारलं. पाण्याच्या तांब्याला हातही लावला नाही.

समोर गभने सर बसले होते. तुमसरच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर घराच्या छपरीत एक टेबल, थोडी काचेची भांडी आणि एक स्पिरिटचा दिवा एवढी प्रयोगशाळा मांडली. कागद उडू नयेत म्हणून टेबलावर जवळच्या खाणीतला मँगनीजचा काळा दगड असे.

हेमराज त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. सर हे कधी बोलून दाखवत नसत. हेमराजला मात्र त्याचा विसर पडत नसे.

“बाकीची पोरं?” सरांनी विचारलं.

“गप्प. आपसात गोंडीत बोलतात. मी वर्गात शिरलो की भिंतीकडे पाहतात. नागपूरच्या क्लासवाल्यांनी बोलावलंय, सर. आश्रमशाळेतली नोकरी सोडून राहिलो मी. तुमचा आशीर्वाद घ्यायला आलो.”

सरांनी फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक आम्ल घेतलं, त्यात थोडं सौम्य सल्फ्युरिक आम्ल ओतलं आणि फ्लास्क ब्युरेटच्या, म्हणजे तोटीच्या उभ्या काचनळीच्या, खाली ठेवला.

“वर पर्मँगनेट भरलंय. टाक.”

“हे तर बारावीचं प्रॅक्टिकल आहे, सर.”

“टाक.”

हेमराजनं वैतागून तोटी फिरवली. जांभळी धार पाण्यासारख्या स्वच्छ आम्लात पडली. रंग जाईना, तशी त्यानं आणखी सोडली. बघता बघता फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळ झालं.

थंड आम्लात हा रंग लवकर जात नाही, आणि विद्यापीठात दुसरा आलेला माणूस फ्लास्क गरम करायलाच विसरला होता! वर घाईही केली होती. बारावीच्या पोराला यावर चांगली बोलणी बसली असती.

“ओतून टाक,” सर एवढंच म्हणाले.

दुसऱ्या वेळी फ्लास्क सरांनी स्वतः दिव्यावर धरला. मधूनमधून हाताची पाठ लावून पाहिली. चटका बसला तेव्हा खाली ठेवला.

“एकच थेंब.”

थेंब पडला. गुलाबी रंग पसरला, आणि तसाच राहिला.

“जात नाही, सर.”

“थांब.”

...

हेमराजचा हात पुन्हा तोटीकडे गेला. सरांनी त्याचं मनगट धरलं. म्हातारा हात, पण पकड अशी की सोडवून घेता येईना.

...

मग गुलाबी फिकं झालं. आणखी फिकं झालं. गेलं.

“आता दुसरा.”

दुसरा थेंब पडला आणि लगेच विरला. तिसरा तर दिसला न दिसला.

“काहून?” सरांनी विचारलं.

हे हेमराजला तोंडपाठ होतं. “मँगनीज संक्रमण धातू आहे. त्याच्या अवस्था बदलतात, तसे रंग बदलतात. पहिल्या थेंबाचा रंग गेला, पण त्यातलं मँगनीज द्रावणातच राहिलं. तेच पुढच्या थेंबांची अभिक्रिया झपाट्यानं घडवून आणतं. पहिल्या थेंबाच्या मदतीला मात्र कुणीच नसतं, म्हणून त्याला...”

तो थांबला.

...

“त्या पोरीचं नाव काय?” सरांनी विचारलं.

“रत्ना. रत्ना मडावी.”

“शाळा सुटल्यावर काय करते ती?”

“हातपंपाजवळ बसते. धाकट्या पोरी जमतात. मी शिकवलेलं त्यांना गोंडीत सांगते.”

सरांनी दिव्यावर टोपण ठेवून तो विझवला.

“त्यातली एक परवा माझ्याकडे आली होती,” हेमराजचा आवाज खाली आला. “लोखंड लाल गंजते, मग तांबं हिरवं काहून होते, असं विचारत होती. मी सामान बांधत होतो. उद्या ये म्हटलं... आणि दुसऱ्या दिवशी इकडे निघून आलो.”

त्याला लाज वाटली. फार वाटली. बराच वेळ तो त्या काळ्या दगडाकडे पाहत राहिला. मग त्यानं तांब्या उचलला, घटाघटा पाणी प्याला आणि तोंड पुसलं. ओठ घट्ट मिटले होते. कॉलेजात अवघड गणित अडलं की तो असाच दिसायचा.

“नागपूरला नाही म्हणून कळवतो, सर. शाळेतच राहीन. सगळा वर्ग बोलेपर्यंत राहीन.”

“बरं.”

“रजा घेतलीच आहे, तर चार दिवस घरी काढतो. ती संपली की जातो.”

सरांनी टेबलावरचा फ्लास्क उचलला आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

“अजून गरम आहे,” सर म्हणाले. “संध्याकाळची बस पकड.”