सरासरी मीठ

बंधाऱ्याचं दार दिवाण विसाजीपंतांच्या हाती होतं. मनात आलं की ते दार सताड उघडायचे, नाहीतर बंद ठेवायचे. खालच्या गावच्या पानवेली एका आठवड्यात कुजायच्या, दुसऱ्या आठवड्यात करपायच्या. पाटलीण म्हाळसाबाईंनी राजाकडे दाद मागितली.

दिवाण हसले. "महाराज, सरासरी काढा. पाणी हवं तेवढंच मिळतंय." हिशेब चोख होता. राजाने मान डोलावली.

म्हाळसाबाई हटल्या नाहीत. "निदान मळा डोळ्यांनी बघा," म्हणत त्यांनी दोघांना दोन दिवस मुक्कामाला नेलं. पहिल्या दिवशी दिवाणांची आमटी अगदीच अळणी होती. पाहुणे म्हणून त्यांनी ती मुकाट गिळली. दुसऱ्या दिवशी मात्र पहिल्याच घासाला ते कडाडले, "बाई, मीठ दुप्पट पडलंय!"

"काल पडलंच नव्हतं, दिवाणसाहेब. सरासरी काढा, अगदी बेताचं आहे."

"जीभ काय सरासरी चाखते?"

"मग आमची वेल सरासरी कशी पिईल?"

राजाचा हात ताटातच थांबला. "दिवाणजी, यापुढे सरासरी सांगाल तेव्हा पाणी दर वेळी तिच्यापासून किती ढळलं तेही सांगायचं. कमी आणि जास्त एकमेकांत वळतं करायचं नाही, दोन्ही चूकच धरायची."

मग पाटलिणीकडे पाहून तो म्हणाला, "आणि ती चूक सरेपर्यंत दिवाणजी जेवायला तुमच्याकडेच."