शिळी बिदागी

पूर्वी गोदावरीच्या काठी प्रतिष्ठान नगरात अरिमर्दन राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वांनी वादकांच्या कुळात जन्म घेतला. नाव सुघोष. त्याची मृदंगावर थाप पडली की चालता माणूस जागच्या जागी थांबे. नगरातल्या सगळ्या वादकांचा तो म्होरक्या होता, आणि सगळे वादक त्याच्यावर मनातून नाराज होते.

नाराजीचे कारण ऐका. या वादकांची एक रीत होती, बिदागी शिळी करायची नाही. ज्या दिवशी कमाई, त्याच दिवशी ती खाऊनपिऊन, वाटून, उडवून मोकळे व्हायचे. पैशाने दुसऱ्या दिवसाचा सूर्य पाहिला तर हातातला सूर उतरतो, असे ते मानत. लग्नसराईत हे सगळे झोकात चाले. पावसाळ्यात लग्ने थांबली की हीच दिलदार माणसे धनगुप्त श्रेष्ठींच्या धान्यकोठारापुढे वाद्ये गहाण टाकायला उभी राहत. आता गहाण पडलेल्या वीणेवर कसला सूर राहणार, ते त्यांचे त्यांनाच ठाऊक!

सुघोष मात्र मेजवानीत चार घास खाऊन उठे. रीतीप्रमाणे म्होरक्याला दोन वाटे मिळत. दोन्ही वाटे कनवटीला लावून तो घरी जाई, आणि घरी बघावे तर नवराबायको साधा भातच खाताना दिसत. मंडळी त्याला चिकट म्हणत. त्यांत सगळ्यांत मोठ्याने हसे ती चंपिका.

चंपिका वीणा वाजवी. तिच्या आईची वीणा होती ती. आई गेल्यावर तिला तेवढेच उरले होते. वाजवण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते, आणि उडवण्यातही नव्हते. वसंतोत्सवात राजाने खूश होऊन तिला सोन्याचे कडे दिले. संध्याकाळ व्हायच्या आत तिने ते विकले आणि सगळ्या आळीला जेवण घातले.

सुघोष म्हणाला, “पोरी, निम्मे तरी मागे ठेव.”

“काका, कमावलेले राखत बसले तर वाजवू कधी?”

पंगतीत हशा पिकला. सुघोषही हसला. तो कधी रागावत नसे, याचाच तिला जास्त राग येई.

पुढे वैशाखात राजा अरिमर्दन वारला. त्याच्या मुलाने दवंडी पिटवली: वर्षभर दुखवटा, नगरात एकही वाद्य वाजता कामा नये. वादकांचे तोंडचे पाणी पळाले. पावसाळ्याचे चार महिने कसेबसे ढकलायची सवय होती, पण वर्ष?

धनगुप्त स्वतः आळीत आला. “वर्षभर धान्य देतो,” तो गोड आवाजात म्हणाला. “वाद्ये माझ्याकडे राहतील. पुढे जन्मभर मी सांगेन तिथे, मी देईन तेवढ्यात वाजवायचे. तुम्हीही आणि तुमची मुलेही. उद्या सकाळी कोठारावर या.”

मोठमोठे वादक माना खाली घालून उभे राहिले. चंपिकेने वीणा उराशी धरली होती. उद्या ती परक्याची होणार, आणि आपणही. सोन्याच्या कड्याचे जेवण आज आळीत एकाच्याही पोटात उरलेले नाही, हे तिच्या आता ध्यानात आले.

लाज गिळून ती सुघोषाच्या दारात गेली. “काका, तुमच्याकडे पैसे आहेत. मला उसने द्या. नुसती माझी वीणा वाचवा.”

“उसने नाही देणार,” सुघोष म्हणाला.

तिचा चेहरा पडला. ती वळणार तोच तो पुढे म्हणाला, “आपलेच पैसे उसने कशाला घेतेस?”

त्याने चुलीमागची जमीन उकरली आणि पुरलेला रांजण उघडा केला. “म्होरक्याचा दुसरा वाटा मी कधी खाल्लाच नाही. कोणाचा हात थरथरू लागला, कोणी अंथरुणाला खिळले, तर असावा म्हणून बाजूला ठेवत गेलो. वर्षभर सगळ्यांच्या चुली पेटतील. बेताने पेटवाव्या लागतील, एवढेच.”

त्या पैशात नदीकाठची आमराई आली असती. त्याच्या बायकोच्या ती मनात भरली होती, हे चंपिकेला माहीत होते. तिचे डोळे भरून आले. “मग इतकी वर्षे सांगितलेत का नाही?”

“सांगितले असते, तर वसंतोत्सवातच वाटून मोकळी झाली असतीस!”

रडता रडता तिला हसू फुटले. पण सुघोषाने पुढचे सांगितले तेव्हा ते थांबले. “रांजण आजपासून तुझ्या ताब्यात. तू वाटायचेस.”

पहिल्या महिन्यात चंपिकेने सढळ हाताने दिले. मग रांजणात डोकावली आणि घाबरली. दुसऱ्या महिन्यात आळीला पेज प्यावी लागली आणि तिला सगळ्यांच्या शिव्या खाव्या लागल्या. सुघोष मदतीला आला नाही. नुसता शेजारी बसून विचारत राहिला. लग्नसराई किती महिने? पोट किती महिने? मृदंगाचे कातडे फाटले तर कुठून आणशील? हळूहळू तिचा हात बसला. घरखर्च वेगळा, वाद्यांचा वेगळा, आणि अडचणीचा असा वेगळा की त्याला हात लावायचा नाही. तिने ते आळीलाही शिकवले, भांडून शिकवले. वर्ष सरले तेव्हा एकही वाद्य कोठारात गेले नव्हते.

दुखवटा फिटला आणि पहिले लग्न निघाले धनगुप्ताच्याच मुलीचे. श्रेष्ठी आळीत आला. “मांडवाबाहेर बसून वाजवा. बिदागीचे काय ते नंतर बघू.”

सगळ्यांनी चंपिकेकडे पाहिले.

“श्रेष्ठी, आम्ही मांडवात पाहुण्यांसमोर बसून वाजवू,” ती शांतपणे म्हणाली. “निम्मी बिदागी आज, निम्मी अक्षता पडायच्या आधी. जमत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. आज आमच्या आळीत सगळे जेवलेले आहेत.”

धनगुप्ताने एकेकाच्या तोंडाकडे पाहिले. एकही मान खाली नव्हती. त्याने कनवटीची थैली सोडली.

चंपिकेने सुघोषाकडे नजर टाकली. म्हाताऱ्याची छाती अभिमानाने भरून आली होती, आणि तो ते लपवतही नव्हता.

श्रावस्तीच्या विहारात ही गोष्ट सांगून झाल्यावर तथागत म्हणाले, “भिक्षूंनो, त्या वेळचा धनगुप्त म्हणजे दान देताना आपले नाव मोठ्याने पुकारायला लावणारा आजचा गृहस्थ. चंपिका म्हणजे आपल्या विहाराचे कोठार सांभाळणारी उपासिका सुमंगला. आणि सुघोष मीच होतो. दान त्याने एकदा दिले, पण प्रज्ञा दिली ती जन्मभर पुरली. त्या जन्मी मी प्रज्ञापारमिता, म्हणजे शहाणपणाची परिपूर्णता, आचरली.”

कोठाराच्या दारात उभ्या असलेल्या सुमंगलेने हे ऐकले, आणि ती ताठ मानेने तांदूळ मोजायला आत गेली.