वाळ्याचे पडदे

पुष्कळ काळ लोटला त्या गोष्टीला. दूर एका कोरड्या पठारावर एक राज्य होतं. तिथला उन्हाळा असा, की दुपारी चिमण्यासुद्धा चोची उघड्या टाकून वळचणीला बसत. त्या राज्याच्या राजमातेनं एक आरोग्यशाळा बांधली होती. ज्यांना घरी बघणारं कोणी नाही असे म्हातारे, मोठ्या तापातून उठलेले, बाळंतपणानं खचलेल्या बायका तिथं येऊन राहत.

राजमाता मोठी मायाळू. आजाऱ्यांची तलखी तिला बघवेना. तिनं दालनाच्या सगळ्या खिडक्यांना वाळ्याचे जाड पडदे लावून दिले. सेवक दिवसभर त्यांवर पाणी शिंपडत. बाहेर आग ओकणारं ऊन आणि आत गारेगार, सुगंधी वारा. लोक म्हणत, "स्वर्ग म्हणतात तो हाच!"

तिथला वैद्य परमुलखातून आलेला होता. त्याला बायको नव्हती, पोरंबाळं नव्हती, नात्यागोत्याचं कोणी नव्हतं. तो रस्त्यानं चालला की लोक हात जोडत, पण ओसरीवर टेकून "काय वैद्यबुवा, जेवलात का?" असं कोणी विचारत नसे. वैद्याच्या दारी लोक जातात ते दुखणं घेऊन. सुख घेऊन कोण जाणार?

त्याच्याशी माणसासारखं बोलणारा एकच होता, आरोग्यशाळेतला म्हातारा नगारजी. जन्मभर राजवाड्याचा नगारा वाजवून त्याचे कान गेले होते आणि आता छातीही खिळखिळी झाली होती. वैद्य नाडी बघायला बसला की हा ओरडून सांगे, "वैद्यबुवा, काल भाजीत मीठच नव्हतं हो! तुमच्या भाजीत होतं का?" सगळं दालन हसे. वैद्यही हसे. दिवसभरात तो तेवढाच हसे.

एका उन्हाळ्यात आरोग्यशाळेत एक विचित्र खोकला आला. आधी बारीक ताप, मग कोरडी ढास, मग थुंकीत रक्ताची रेघ. वैद्यानं अडुळसा दिला, सुंठ दिली, पिंपळी मधातून चाटवली. ज्या औषधांनी गावभरचे खोकले जात, त्यांनी हा जाईना. माणसं पालापाचोळ्यासारखी वाळून मरू लागली.

वैद्य प्रत्येक खाटेजवळ बसून बघत राहिला. हळूहळू त्याला एक गोष्ट दिसली. खोकला खिडकीजवळच्या खाटांना आधी धरत होता. जिथं गारवा जास्त, तिथं ढास जास्त.

त्यानं राजवाड्यात जाऊन सांगितलं, "आईसाहेब, मला त्या पडद्यांचा संशय येतो."

राजमातेचा चेहरा उतरला. शेजारी उभा असलेला कारभारी मात्र उसळला. "काहीतरीच काय बोलता! पाणी शिंपडणारे सेवक पडद्यापाशीच जेवतात, तिथंच लवंडतात. सगळे ठणठणीत आहेत. पडदा काय माणूस ओळखून चावतो?"

"ते मलाही उमगत नाही," वैद्य म्हणाला. "म्हणून तर बघायला हवं. निम्मे आजारी मागच्या अंगणात छपराखाली हलवू द्या. तिथं पडदा नको. खाणंपिणं, औषध सगळं सारखंच ठेवतो. मग काय होतं ते पाहू."

राजमातेनं कारभाऱ्याला हातानं थांबवलं. मग म्हणाली, "न्या."

दुसऱ्या दिवशी वैद्यानं आजाऱ्यांना बाहेर काढलं. छपराखालून झळा येत होत्या. बायका पदरानं वारा घेत त्याला शिव्या देऊ लागल्या. सेवक आपसांत म्हणाले, "परका तो परकाच. आपलं माणूस असतं तर असं उन्हात घातलं नसतं." वैद्यानं ते ऐकलं आणि पुढची खाट उचलली.

नगारजीची खाट अगदी खिडकीखाली होती. वैद्य त्याच्या कानाशी वाकला. "नगारजी, तुम्ही चला बाहेर."

"नको हो! उन्हात माझा जीव घाबरतो."

"मला या पडद्याचा संशय आहे."

"संशय की खात्री?"

वैद्याच्या ओठांवर खोटं आलं होतं. नुसतं 'खात्री' म्हटलं असतं, तर म्हातारा उठला असता. पण जे ठाऊक नाही ते ठाऊक आहे असं तो कधी कोणाला बोलला नव्हता. "संशय," तो म्हणाला.

"मग तुमची खात्री होईस्तोवर पडू द्या मला गारव्यात," म्हातारा हसून म्हणाला, आणि कूस वळवून झोपला.

दिवस गेले. छपराखालची माणसं घामानं निथळली, कुरकुरली, पण त्यांच्यात नवा खोकला कोणाला धरेना. ज्यांना आधीच धरला होता, त्यांच्यावर वैद्य एकेक काढा करून बघत होता. एका कडूजहर काढ्यानं काहींची ढास सुटली. आत दालनात मात्र एकामागून एक माणूस खोकू लागला. आणि एका सकाळी नगारजी खोकला.

वैद्यानं त्याला पाठुंगळी घेतलं आणि छपराखाली आणलं. काढा पाजला, छाती शेकली, बाजूलाच बसून राहिला. पण ज्या काढ्यानं इतर उठले, त्यानं हा उठेना. त्याच्या अंगात लढायला काही उरलंच नव्हतं.

"झाली का खात्री?" एका दुपारी नगारजीनं विचारलं. आता त्याचा आवाज शेजारच्या खाटेपर्यंतही पोचत नव्हता.

"झाली," वैद्य त्याच्या कानाशी म्हणाला.

"बरं झालं," तो म्हणाला. थोड्या वेळानं त्याचा श्वास थांबला. वैद्य त्याचा हात धरून तसाच बसला. नाडी लागत नव्हती, तरी बोटं मनगटावरून निघेनात.

संध्याकाळी राजमाता स्वतः आरोग्यशाळेत आली. वैद्यानं एक पडदा उतरवून तिच्यापुढं उसवला. वरून सोनेरी दिसणारा वाळा आतून काळ्याहिरव्या बुरशीनं भरला होता. हात लागताच बारीक धूळ उडाली.

"हीच धूळ वाऱ्याबरोबर आत येते," वैद्य म्हणाला. "धडधाकट माणूस ती शिंकून टाकतो. ज्याचं अंग आधीच पोखरलंय, त्याच्यात ती रुजते."

राजमातेनं तो उसवलेला वाळा उचलून पाहिला. "मी यांना गारवा देत होते ना हो?" ती म्हणाली. तिनं आपल्या हातानं पडदे काढून आवाराबाहेर जाळायला दिले. मग तिनं वैद्याला विचारलं, "तुम्हाला काय देऊ?"

"इथं येणारी प्रत्येक गोष्ट, मग ती औषध असो की दान, आधी आजाऱ्यांना कशी सोसते ते बघून मगच घ्यायची, एवढा नेम करा."

तसा नेम झाला. खोकला ओसरला. बरी झालेली माणसं एकेक करून घरोघर गेली. जाताना ती वैद्याच्या पाया पडली. त्याच्यापाशी मात्र कोणी राहिलं नाही. नगारजीच्या खाटेवर नवा आजारी आला. त्याला तिथं आधी कोण होतं ते ठाऊक नव्हतं, आणि वैद्यालाही ते कोणाला सांगावंसं वाटेना. तो रोज प्रत्येक खाटेजवळ पूर्वीपेक्षा जास्त वेळ बसू लागला, एवढंच.

म्हणून लहानांनी आणि थोरांनी ध्यानात ठेवावं: धडधाकटाला जे सोसतं, त्यावरून दुबळ्याचं हित ठरवू नये.