उद्याचे हार

तालुक्याच्या गावात दसऱ्याला मोटारींच्या शोरूमबाहेर रांग लागायची आणि प्रत्येक नव्या गाडीला हार असायचा द्वारकाबाई गुरवांचा. त्या एका दिवसाच्या विक्रीवर त्यांची चूल दिवाळीपर्यंत पेटायची.

यंदा सरकारने नव्या गाडीवर अनुदान दिलं, पण मुदत आषाढाअखेरपर्यंत. दसऱ्याला गाडी घेणाऱ्यांनी खरेदी आषाढातच उरकली. मुहूर्त नाही, पूजा नाही, म्हणून हारही नाही.

दसऱ्याला द्वारकाबाई चाळीस हार ओवून शोरूमच्या दारात बसल्या. दुपारपर्यंत एकही गाडी गेली नाही. आले ते मंत्री बापूसाहेब निंबोरे, पत्रकारांना घेऊन.

"विक्री दुप्पट केली आम्ही!" ते म्हणाले. "मावशी, भरभराटीच्या दिवसांत तोंड पाडून का बसलात?"

द्वारकाबाई उठल्या. बापूसाहेबांच्या उद्याच्या सभेसाठी केलेले दहा हार वेगळ्या टोपलीत होते. त्यांनी ते एकामागून एक बापूसाहेबांच्याच गळ्यात घातले.

"वा! दहापट मान दिलात!" हारांआडून बापूसाहेब म्हणाले.

"मान तेवढाच आहे, साहेब. उद्याचे हार आजच घातले."

"अहो, मग उद्या मी काय घालू?"

"तेच विचारतेय, साहेब. दसऱ्याच्या गाड्या तुम्ही आषाढातच विकल्यात. आता आम्ही काय विकू?"

पत्रकार हसले. बापूसाहेब हार काढून गाडीत बसले.

दुसऱ्या दिवशी सभेत त्यांच्या गळ्यात ताजे हार होते, दुसऱ्या फुलवाल्याकडचे. द्वारकाबाईंचे चाळीस हार शोरूमच्या दारात सुकत होते.